आवडीचे गाणे आणि आवडीचा वाद

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडाला साहाय्य म्हणून गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्था एका रंगभूमीवर आल्या. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव भोसले धैर्यधर झाले. हा इतिहास आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्या रात्रीनंतर घराघरांत जे सुरू झाले, त्याची नोंद नाट्येतिहासाच्या पुस्तकांत सहसा होत नाही. कोणाचे पद अधिक रंगले, हा तो वाद. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव निवर्तले आणि पुन्हा तुलना करून पाहण्याची सोयच राहिली नाही. निकालाची शक्यता संपल्यामुळेच की काय, वाद पुढे दोन पिढ्या पुरला. आमच्या आजोबांनी तो प्रयोग पाहिलेला नव्हता. त्या वेळी ते इंदुरात शाळेत जात होते. तरीही केशवरावांची बाजू त्यांनी मरेपर्यंत लढवली. शेजारच्या वाड्यातील त्यांचे स्नेही कट्टर गंधर्वभक्त. एखाद्या तानेवरून दोघांत असे वाजे की चार चार दिवस अबोला राही, आणि पाचव्या दिवशी तोच विषय काढूनच तो मोडे.

लहानपणी हे सारे आम्हांला विनोदी वाटे. आता वाटत नाही. आवडत्या गाण्यावरून भांडणारी माणसे नुसता वेळ दवडत नसतात. गाण्याचे आयुष्य ती वाढवीत असतात, आणि नकळत आणखी एक काम करीत असतात, असे आमचे मत बनले आहे. ते आणखी एक काम कोणते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. मात्र त्यासाठी नाटक मंडळ्यांकडून एका अगदी वेगळ्या मंडळीकडे जावे लागेल.

झाले असे, की गेल्या गणेशोत्सवात आमच्या घरी सारे कुटुंब जमले होते. हैदराबादहून भाची आली होती, बडोद्याहून पुतण्या आला होता, आमचा मुलगा घरचाच. आरती आटोपली, प्रसाद झाला, आणि माजघरात या तिघांचे कशावरून तरी जुंपले. कान देऊन ऐकले तर विषय गाण्यांचा होता. ‘इंडियन ओशन’ नावाच्या एका बँडचे सर्वांत श्रेष्ठ गाणे कोणते, यावर तिघांची तीन मते होती आणि माघार कोणीच घेत नव्हते. आमचे काका, वय वर्षे शहाऐंशी, आरामखुर्चीतून म्हणाले, “बँड? कोणाच्या लग्नाचा?” मुले हसली. पण आम्हांला आजोबा आणि त्यांचे गंधर्वभक्त स्नेही आठवले. तोच आवेश, तीच चढती पट्टी, तेच ‘तुला त्यातले कळत नाही’. तेव्हापासून काही महिने आम्ही ही गाणी ऐकली, त्यांच्यामागचा इतिहास शोधला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुस्मित सेन हे गिटारवादक आणि असीम चक्रवर्ती हे तबला वाजवता वाजवता गाणारे कलावंत, या दोघांची दिल्लीत १९८४ मध्ये गाठ पडली. दोघेही बंगाली. म्हणजे आमच्यासारखेच, आपल्या भाषेच्या मुलखाबाहेर वस्ती केलेल्या समाजातले. १९९० मध्ये त्यांनी रीतसर बँड उभा केला. ‘इंडियन ओशन’ म्हणजे हिंदी महासागर, हे नाव सुस्मित यांच्या वडिलांनी सुचवले. १९९१ मध्ये राहुल राम आले. ते बास गिटार वाजवतात आणि गातात. विषशास्त्रातील डॉक्टरेट अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून मिळवून हा गृहस्थ मायदेशी परतला होता. १९९४ मध्ये अमित किलम हे ड्रमवादक सामील झाले आणि चौघांचा संच पुरा झाला.

चित्रपटसंगीताच्या त्या राज्यात अशा मंडळींना बाजारात जागा नव्हती. पहिली ध्वनिफीत १९९३ मध्ये निघाली. दुसरी, ‘डेझर्ट रेन’, ही १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीच्या मंडी हाउस परिसरात उघड्यावर झालेल्या कार्यक्रमात मुद्रित झाली. रस्त्यावरच्या नाटकासाठी प्राण गमावलेल्या सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ ही संस्था दरवर्षी भरवते, तो हा कार्यक्रम. मोठ्या कंपनीचे पाठबळ त्या ध्वनिफितीला नव्हते. सन २००० मध्ये ‘कंदीसा’ हा सात रचनांचा संच आला आणि मग मात्र नाव देशभर झाले.

आमच्या वाचकांना या मंडळींची जात ओळखू यावी म्हणून एक दाखला देतो. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीरावांचा आश्रय तिला लाभला. कलावंतांनी आपली मंडळी आपण चालवावी, ही कल्पना म्हणजे मराठी रंगभूमीला काही परकी नव्हे. फरक असलाच तर इतका, की या बँडला सयाजीराव नव्हते. होता तो दिल्लीच्या करोल बागेतील एक जुना बंगला. तिथे रोज एकत्र बसून, वाजवून, खोडून, पुन्हा वाजवून चौघे रचना घडवीत. त्या बंगल्याचा पत्ता, ‘१६/३३० खजूर रोड’, हेच पुढे त्यांच्या एका संचाचे नाव झाले.

आता मूळ वादाकडे येतो.

भाचीचा पक्ष ‘कंदीसा’चा. या गाण्याचे शब्द ना हिंदी, ना इंग्रजी, ना आपल्याकडील कोणत्याही बोलीतले. ते सुरियानी आहेत. सुरियानी ही अरामी भाषेची एक शाखा, आणि अरामी ही येशू ख्रिस्ताची बोली. केरळातील सेंट थॉमस परंपरेच्या ख्रिस्ती समाजाने ही भाषा उपासनेत शतकानुशतके सांभाळली. देवाला पवित्र म्हणून तीन नावांनी आळवणारे एक प्राचीन स्तोत्र या गाण्याच्या मुळाशी आहे. गिटार हळूहळू वाट काढीत जाते, मग आवाज येतात, एकावर एक चढत जातात, आणि शेवटी असे वाटते की देवळाचा घुमट आपोआप उंच होत आहे. भाचीचे म्हणणे असे, की ज्या गाण्यातला एक शब्दही कळत नाही आणि तरी डोळ्यांत पाणी उभे राहते, त्याहून मोठे गाणे असूच शकत नाही.

या स्तोत्राच्या इतिहासात गोव्याचे नाव येते, आणि ते अभिमानाने घेता येत नाही. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेश मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली. तिच्या आदेशाने सुरियानी ग्रंथ तपासले गेले, काही दुरुस्त केले गेले, काही जाळले गेले. १६५३ मध्ये त्या समाजातील हजारोंनी मट्टांचेरी येथे परक्या धर्माधिकाराविरुद्ध शपथ घेतली, तिच्यामागे या काळापासून साचलेला असंतोष होता. ग्रंथ गेले, पण मुखोद्गत स्तोत्रे राहिली. खुद्द गोव्यातही असेच काही घडले. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, तेही मराठीत आणि ओवीत. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवर बंदीचे फर्मान काढले. त्या शतकातली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांतून, आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा छापले गेले. ज्यांनी ते उतरवून घेतले, त्यांतल्या किती जणांना त्यातली प्रत्येक ओवी पुरती उमगत असेल? पण त्यांनी ती उतरवली.

पुतण्याचा पक्ष ‘मा रेवा’चा. हे नर्मदेचे गाणे. १९९० ते १९९५ या काळात राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते. नदीकाठच्या लोकगीतावर बेतलेली ही रचना त्या दिवसांची देणगी आहे. चाल साधी, फिरून फिरून येणारी, घाटावर धुणे धुताना कोणीही गुणगुणावी अशी. माळव्यातील आम्हां मराठी घरांना नर्मदा परकी नाही. अहिल्याबाईंनी तिच्याच काठी महेश्वरला राजधानी केली. आमच्या घराण्यातल्या कित्येकांच्या अस्थी त्याच पाण्यात गेल्या आहेत. बडोद्याच्या माणसालाही ती परकी नाही, पण वेगळ्या अर्थाने. सरदार सरोवराचा मुख्य कालवा राजस्थानच्या सीमेपर्यंत ४५८ किलोमीटर जातो आणि गुजरातच्या कित्येक कोरड्या तालुक्यांना त्याने पाणी दिले आहे.

येथे वादाला धार आली. आमचा मुलगा म्हणाला, “ज्यांची गावे बुडाली, त्यांचे हे गाणे. तुझ्या नळाला तेच पाणी येते. मग तू ते कोणत्या तोंडाने गातोस?” माजघर क्षणभर गप्प झाले. पुतण्या चिडला नाही. तो म्हणाला, “म्हणूनच गातो. गाणे नसते, तर पाणी कुठून येते हे मला कळलेच नसते.”

आम्ही या उत्तरावर पुष्कळ विचार केला. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा बडवानी आणि धार जिल्ह्यांतली काठची गावे पाण्याखाली गेली. महाराष्ट्रातले मणिबेली तर त्याच्या कितीतरी आधी बुडू लागले होते. धरण योग्य की अयोग्य, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि आमचा तो अधिकारही नाही. पण ज्या देवळांत, ज्या घाटांवर नर्मदेची गाणी म्हटली जात, त्यांतली कित्येक स्थळे आता नाहीत आणि गाणे मात्र आहे. एका बाजूला पाणी मिळालेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला गाव गमावलेला माणूस, दोघेही तेच गाणे म्हणतात. या दोघांची गाठ पडावी अशी जागा गाण्याखेरीज दुसरी आम्हांला तरी दिसत नाही.

मुलाचा स्वतःचा पक्ष ‘बंदे’चा. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांवर अनुराग कश्यप यांनी ‘ब्लॅक फ्रायडे’ हा चित्रपट केला. त्याचे संगीत या बँडचे. खटल्याचा निकाल लागलेला नसल्याने न्यायालयाने प्रदर्शन रोखले, आणि चित्रपट पडद्यावर आला तो ९ फेब्रुवारी २००७ रोजी. गाणी मात्र त्याच्या बरीच आधी बाहेर पडली होती. चित्रपटाविनाच ‘बंदे’ महाविद्यालयांतून, वसतिगृहांतून गायले जाऊ लागले. शब्द पीयूष मिश्रा यांचे, आणि ते ग्वाल्हेरचे. ग्वाल्हेरकर वाचकांनी ही नोंद करून घ्यावी. मुलाचे म्हणणे असे, की न कळणाऱ्या शब्दांवर रडणे सोपे आहे. कळणारे शब्द ऐकून स्वतःची लाज वाटणे कठीण. सूडाने सूडच वाढतो, हे ज्या गाण्याने विशीतल्या मुलांना सांगितले, ते श्रेष्ठ. भाचीचे उत्तर तयार होते. ते गाणे प्रसंगाचे आहे, प्रसंग विसरला की गाणेही विसरले जाईल. त्यावर मुलगा म्हणाला, “प्रसंग विसरला जाऊ नये म्हणूनच तर ते आहे.”

याच ओघात गोरख पांडे यांच्या भोजपुरी जनगीतावरच्या ‘हिल्ले ले’चा विषय निघाला, एकही शब्द नसलेल्या ‘लीव्हिंग होम’चाही निघाला, पण त्यांना कोणी पक्षकार मिळाला नाही.

इतका वेळ आमचे काका डोळे मिटून होते. आम्हांला वाटले, त्यांना झोप लागली. मुलांनी २००३ च्या संचातले ‘झीनी’ लावले, आणि काका सावरून बसले. हे कबीराचे पद. देहाला विणलेल्या तलम वस्त्राची उपमा देणारे. “हे तर आपले कबीर,” काका म्हणाले, आणि मग पाऊण तास दुसऱ्या कोणाला बोलू दिले नाही. कारण कबीर म्हटले की काकांना कुमार गंधर्व आठवतात. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले शिवपुत्र कोमकाळी क्षयाच्या आजारात हवापालटासाठी १९४८ मध्ये देवासला आले. काही वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी आणि नाथपंथी गोसाव्यांची भजने कानांवर पडत राहिली, आणि बरे झाल्यावर त्यांच्या गळ्यातून जे कबीर निघाले ते त्यापूर्वी कोणी तसे ऐकले नव्हते. काका तरुणपणी देवासला जाऊन त्यांना ऐकून आले होते. त्यांचा निर्णय स्पष्ट होता: या मुलांचे कबीर काही वाईट नाहीत, ठेका बरा आहे, पण कुमारजींचा स्वर जिथे शून्यात जाऊन उभा राहतो, तिथे यांची वाद्ये गर्दी करतात.

यावर तिन्ही पक्षांची तत्काळ युती झाली. तिघे मिळून काकांवर तुटून पडले. काका प्रसन्न होते. वादात प्रतिस्पर्धी मिळाल्याचा आनंद आम्ही त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी पाहिला.

या बँडच्या चाहत्यांमध्ये एक वाद असा आहे, की तो गाण्यांच्या निवडीपेक्षा खोल जातो. ऑक्टोबर २००९ मध्ये असीम चक्रवर्ती यांना दोहा येथे हृदयविकाराचा झटका आला आणि २५ डिसेंबर २००९ रोजी ते गेले. वय बावन्न. मांडी घालून, तबल्यावर दोन्ही हात आणि तोंडाने गाणे, अशी त्यांची बैठक होती. तबला कोणापाशी रीतसर न शिकता त्यांनी स्वतःच साधला होता. ‘१६/३३० खजूर रोड’ची गाणी त्यांच्या हयातीत मुद्रित झालेली होती. २०१० मध्ये ती दरमहा एक याप्रमाणे रसिकांना विनामूल्य देण्यात आली. म्हणजे माणूस गेल्यानंतर त्याचा आवाज महिन्या-महिन्याने, पत्रासारखा येत राहिला. पुढे गायनाला हिमांशू जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती आले. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले. त्यांच्या जागी निखिल राव आले. ज्या दोघांनी मंडळी काढली, ते दोघेही आता तीत नव्हते. मग ही तीच मंडळी का? असीमदांची गाणी दुसऱ्याने म्हणावीत का?

आमच्या मुलाचे मत, म्हणू नयेत. पुतण्याचे मत, म्हणायलाच हवीत. आम्हांला या ठिकाणी इतिहासाची साक्ष काढावीशी वाटते. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले. मंडळी भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर चालली. १९०१ मध्ये भाऊराव गेले, तेव्हा आता संगीत नाटक संपले असे शहाण्या माणसांना वाटले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला आणि शकुंतला म्हणून उभा राहिला. ‘भाऊरावांची सर नाही’ असे म्हणणारे जुने रसिक त्या प्रेक्षागृहात असणारच. आणि ते खोटेही नसतील. सर नव्हतीच, कारण ती वेगळी होती. पण ती पदे त्या मुलाने म्हटली नसती, तर भाऊरावांची आठवण काढायलाही निमित्त उरले नसते. नव्या गळ्यातून जुने पद ऐकताना जुना रसिक चडफडतो, आणि चडफडताना जुना आवाज त्याच्या कानांत पुन्हा जागा होतो. गाणे पुढे जाते ते असे, थोडेसे दुखावत.

आता सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला, त्या दुसऱ्या कामाकडे येतो.

वाद रंगात आला तसे आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. मुलांनी सुरुवात मराठीत केली होती. पाच मिनिटांत ती हिंदीत गेली आणि खरी चुरस लागली तेव्हा इंग्रजीत. राग, प्रेम, टिंगल, सारे इंग्रजीत. मराठीत उरले ते ‘अगं’, ‘अरे’ आणि ‘थांब ना’. तिघेही घरात मराठी बोलतात. आरत्या तिघांनाही पाठ आहेत. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या खणखणीत म्हटल्या होत्या. पण आरतीतल्या एका ओळीचा अर्थ आम्ही सहज विचारला, तेव्हा तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

‘कंदीसा’चा इतिहास आमच्या मनाला लागला तो या जागी. केरळातील त्या समाजाने सुरियानी स्तोत्रे प्राणपणाने जपली. पण बोलणे, भांडणे, बाजारहाट सारे मल्याळममध्ये चाले. सुरियानी राहिली ती केवळ देवापुरती. अखेर सिरो-मलबार चर्चने १९६२ मध्ये उपासनाही मल्याळममध्ये आणली, आणि त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. माणसाने देवाशी आपल्याला कळणाऱ्या भाषेत बोलावे. पण भाषा केवळ गाण्यापुरती उरली की तिचे काय होते, याचे हे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. गाणे भाषेवाचून जगू शकते. भाचीच्या डोळ्यांतले पाणी हा त्याचा पुरावा. गाण्याविषयीचा वाद मात्र भाषेवाचून जगत नाही. ‘आवडले’ इतके सांगायला मान डोलावली तरी पुरते. ‘का आवडले’ हे सांगायला शब्द लागतात, आणि दुसऱ्याचे खोडून काढायला तर अधिकच नेमके लागतात.

आमच्या आजोबांपाशी ते शब्द होते. स्वराची फेक, तानेचा दाणा, हरकत, मुरकी, लडिवाळपणा, समेवर येण्याची ऐट, एखादी ‘जागा’ घेणे. ते काही संगीतशास्त्री नव्हते. होळकर दरबारच्या कचेरीत कारकून होते. हे शब्द त्यांना पुस्तकातून मिळाले नव्हते, वादातून मिळाले होते. समोरच्या गंधर्वभक्ताला हरवायचे, तर त्याच्यापेक्षा नेमके बोलणे भाग होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपली मराठी शंभर-दोनशे वर्षे टिकली, त्याचे श्रेय आपण शाळांना, ग्रंथालयांना, गणेशोत्सवांना देतो आणि ते योग्यच आहे. त्या यादीत ओट्यावरच्या या भांडणांचे नाव घालायला मात्र आपण विसरलो. ज्या भाषेत आपल्याला चिडता येते, कोपरखळी मारता येते, आवडत्या गोष्टीची बाजू हिरिरीने मांडता येते, ती भाषा आपली असते. बाकी सारे पाठांतर.

हे सारे आम्ही येथे सविस्तर लिहीत आहोत. काकांनी ते त्या रात्री एका वाक्यात सांगितले. मुलांचे इंग्रजी ऐन भरात असताना त्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि म्हणाले, “भांडा रे पोरांनो, खुशाल भांडा. पण मराठीत भांडा. मलाही मध्ये पडायचे आहे.”

काकांना इंग्रजी उत्तम येते. चाळीस वर्षे त्यांनी तीच शिकवली.

मग जे झाले ते पाहण्यासारखे होते. मुले अडखळली. पुतण्याला सांगायचे होते की ‘मा रेवा’त एकच चाल फिरून येते आणि दर खेपेला थोडी निराळी लागते, शब्द सापडेना. काका म्हणाले, “घोळवणे म्हण. चाल घोळवतात.” भाचीला आवाजांचे एकावर एक चढत जाणे सांगायचे होते. तिने आपला आपणच शब्द शोधला: “थर. दहीहंडीचे लागतात ना, तसे थर लागतात.” काकांनी क्षणभर विचार केला आणि मान्यता दिली. आमच्या मते त्या रात्रीची ती सर्वांत मोलाची घटना होती. संगीताच्या कोणत्याही कोशात तो शब्द या अर्थाने नाही. हैदराबादेत वाढलेल्या एका मुलीने तो त्या क्षणी घडवला, कारण तिला वाद जिंकायचा होता.

वाद जिंकला कोणीच नाही. रात्री साडेबाराला काकूंनी दिवे मालवले, म्हणून तो थांबला. पुढच्या वर्षी गणपतीत तो पुन्हा सुरू होईल, अशी आम्हांला आशा आहे. काकांनी तर तयारीही चालवली आहे. एरवी मोबाईलला हात न लावणारा हा माणूस हल्ली दुपारी नातवंडांनी लावून दिलेले ‘झीनी’ ऐकत बसतो. परवा आम्ही विचारले, “काय काका, आवडू लागले वाटते?”

“छे,” काका म्हणाले, “दोष शोधतो आहे.”